हाडांवरची चिठ्ठी

१९२३ साली मंगोलियाच्या गोबी वाळवंटात एका अमेरिकन मोहिमेला डायनोसॉरची अंडी सापडली. अंड्यांच्या घरट्यावरच एका लहानशा डायनोसॉरचा सांगाडा पडलेला होता. तोंडात दात नाहीत, पाखरासारखी चोच. हाडं पेट्यांत भरून न्यूयॉर्कला गेली. तिथल्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचा अध्यक्ष हेन्री फेअरफील्ड ऑस्बॉर्न यानं १९२४ साली त्या जनावराचं बारसं केलं. नाव ठेवलं ओव्हिरॅप्टर. म्हणजे अंडीचोर. अंडी दुसऱ्याच डायनोसॉरची, हा ती खायला आला आणि तिथंच मेला, असा साहेबाचा तर्क.

सत्तर वर्षांनी त्याच म्युझियमची माणसं परत गोबीत गेली. १९९३ साली तसल्याच अंड्यात त्यांना गर्भाची हाडं मिळाली. गर्भ त्या चोराच्याच कुळातला. पुढं त्याच कुळातला एक सांगाडा अंड्यांवर हात पसरून बसलेला मिळाला, जशी कोंबडी बसते तसा. म्हणजे जनावर चोर नव्हतंच. स्वतःच्या अंड्यांवर बसलं होतं आणि तिथंच मेलं होतं. पण नाव बदलत नाही. शास्त्राचा नियम असा की पहिलं ठेवलेलं नाव तेच चालायचं. निर्दोष सुटूनही ते चोरच.

दोस्तांनो, हे वाचून पारधी, भामटा, कैकाडी, मांग-गारुडी डोळ्यांपुढं आल्याशिवाय राहतात का? १८७१ साली इंग्रजानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९२४ साली, म्हणजे अंडीचोराचं बारसं झालं त्याच साली, तो कायदा नव्यानं बांधून पक्का केला. पोर आईच्या पोटात असतानाच चोर. सोलापूरच्या सेटलमेंटात तारेच्या आत माणसं कोंडली, हजेरी घेतली आणि गिरणीत राबवली. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. चिठ्ठी गेली का? गावात चोरी झाली की फौजदाराची पावलं आधी पालाकडंच वळतात.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ऑस्बॉर्ननं त्याच लेखात लिहून ठेवलं होतं की हे नाव या जनावराच्या खाण्यापिण्याबद्दल आणि स्वभावाबद्दल आपली दिशाभूल करू शकेल. म्हणजे मेलेल्या जनावराच्या बाबतीत त्याला एवढी शंका घ्यावीशी वाटली. जिवंत माणसाच्या बाबतीत वाटली नाही. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच.

*

हाडांचं नातं आम्हाला नवं नाही. महारांच्या वतनी जमिनीचं नावच हाडकी-हाडवळा. मेलेलं ढोर ओढायचं, सोलायचं, त्याच्या बदल्यात हा तुकडा. माझा आजा हाड बघून बैल की म्हैस सांगायचा. दात बघून आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, सगळं सांगायचा. त्याला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं नाही. गावानं त्याला विटाळ म्हटलं. ऑस्बॉर्नही मेलेल्या जनावरांची हाडंच गोळा करायचा. फरक एवढाच की त्याचा बाप रेल्वे कंपनीचा मालक-अध्यक्ष होता आणि जे. पी. मॉर्गन हा सावकारांचा सावकार नात्यानं मावसा लागायचा.

तरी माणूस नुसता पैशावर मोठा झाला असं म्हणणं खोटं होईल. जन्म १८५७. प्रिन्स्टनला शिकला, लंडनला जाऊन हक्सलेच्या हाताखाली शिकला. १८९१ ला न्यूयॉर्कला आला तो एका हातात कोलंबिया विद्यापीठाची प्राध्यापकी आणि दुसऱ्या हातात म्युझियमचं काम घेऊन. १९०८ पासून १९३३ पर्यंत पंचवीस वर्षं म्युझियमचा अध्यक्ष. हत्तीच्या सगळ्या नामशेष कुळांवर त्यानं दोन जाडजूड खंड लिहिले, ते तो गेल्यावर छापून आले. एकाच मुळापासून निघालेली जनावरं वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या खाण्यापिण्याला जुळवून घेत कशी फाकत जातात, या विचाराला त्यानं जे नाव दिलं ते शास्त्रात अजून चालतं. त्याचा माणूस बार्नम ब्राऊन यानं १९०२ साली मोंटाना प्रांतात एक राक्षसी सांगाडा खणून काढला. ऑस्बॉर्ननं १९०५ साली त्याला टायरॅनोसॉरस रेक्स असं नाव दिलं. जुलमी सरड्यांचा राजा. आज पोराटोरांना ते तोंडपाठ असतं.

आणि त्याहून मोठं काम म्हणजे त्यानं हाडं कपाटातून बाहेर काढली. त्याच्याआधी जीवाश्म म्हणजे बहुतेक करून पंडितांनी खणात ठेवून पंडितांनीच बघायची चीज. ऑस्बॉर्ननं सांगाडे उभे केले, चालते-बोलते वाटतील असे. चार्ल्स नाईट या चित्रकाराकडून भिंतीच्या भिंती रंगवून घेतल्या. हमाल, मोलकरणी, नुकते बोटीतून उतरलेले कामगार आपली पोरं घेऊन ते बघायला येऊ लागले. ज्ञान सामान्य माणसाच्या डोळ्यांपुढं आणून उभं करणं ही लहान गोष्ट नाही. आपल्याकडं तर ज्ञान कानात पडलं म्हणून शिसं ओतायची शिक्षा ग्रंथात लिहून ठेवलेली. तेव्हा ह्या कामाचं श्रेय त्याला द्यायलाच पाहिजे.

पण ज्यांची पोरं ते सांगाडे बघायला यायची, ती माणसं या देशात नकोत, असं हाच माणूस म्हणत होता.

*

न्यूयॉर्कात मॅडिसन ग्रँट नावाचा एक श्रीमंत वकील होता. ऑस्बॉर्नचा जिवलग. दोघांनी मिळून कॅलिफोर्नियातली हजारो वर्षांची रेडवूडची झाडं वाचवायला १९१८ साली संस्था काढली. झाडं वाचली, हे चांगलंच झालं. त्याच १९१८ साली दोघं गाल्टन सोसायटी काढण्यातही होते. गाल्टन म्हणजे सुप्रजननाचा बाप. चांगल्या रक्ताची पैदास वाढवायची, वाईट रक्ताची थांबवायची. गायी-घोड्यांच्या पैदाशीचा हिशेब माणसाला लावायचा. आणि चांगलं रक्त कुणाचं हे ठरवणार कोण? ज्यांच्याकडं बँक आहे, रेल्वे आहे, म्युझियम आहे, ते.

१९१६ साली ग्रँटनं एक पुस्तक काढलं. उत्तर युरोपातला उंच, गोरा, निळ्या डोळ्यांचा नॉर्डिक माणूस म्हणजे महान वंश, आणि तो बाकीच्यांत मिसळून मरायला लागलाय, हा त्याचा रडगाणं. प्रस्तावना ऑस्बॉर्नची. म्युझियमच्या अध्यक्षाची सही पडली म्हणजे बाजारगप्प शास्त्र झाली.

सप्टेंबर १९२१ मध्ये सुप्रजननाची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद ऑस्बॉर्ननं आपल्या म्युझियममध्येच भरवली. अध्यक्ष तो स्वतः. मानद अध्यक्ष टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल. खुद्द डार्विनचा पोरगा लिओनार्ड समुद्र ओलांडून आला होता. तक्ते टांगले, कवट्या मांडल्या. १९२४ साली अमेरिकेनं कायदा करून पूर्व आणि दक्षिण युरोपच्या गरिबांना दार जवळजवळ लावून घेतलं आणि आशियाच्या माणसाला पुरतं बंद केलं. त्या कायद्यामागं ग्रँटसारख्यांचं वंशशास्त्र होतं. विसाव्या शतकात अमेरिकेत ६० हजारांवर माणसांची जबरदस्तीनं नसबंदी झाली. त्यात गरीब बायका, काळ्या बायका, वेडे ठरवलेले, अनाथ.

तिसरी परिषद १९३२ ला, पुन्हा म्युझियममध्येच. मंदीचं साल. लाखो कामगार रस्त्यावर. आणि ऑस्बॉर्ननं काय मांडलं? बेकारांत कमी लायकीची माणसं बरीच आहेत, निसर्गात असली माणसं हळूहळू संपली असती, समाज त्यांना उगाच पोसतोय. गिरणीच्या दारात बदलीच्या कार्डासाठी उभं राहिलेल्या माणसानं हे वाक्य नीट ऐकून ठेवावं. मालकानं भोंगा बंद केला की दोष मालकाचा नाही, बाजाराचा नाही. दोष कामगाराच्या रक्ताचा. १९३४ साली, हिटलर गादीवर आल्यावर, फ्रँकफर्टच्या विद्यापीठानं ऑस्बॉर्नला मानद पदवी दिली. तो जर्मनीला जाऊन ती घेऊन आला. १९३५ ला वारला.

*

आता त्याच्या शास्त्राकडं शास्त्र म्हणून बघू.

१९२२ साली नेब्रास्का प्रांतातून त्याच्याकडं एक दात आला. एकच दात, झिजलेला. ऑस्बॉर्ननं जाहीर केलं की हा अमेरिकेतल्या आदिमानवाचा, वानरमाणसाचा दात. त्याला भारदस्त नाव दिलं, हेस्परोपिथेकस. माणूस अमेरिकेतही फार जुना, याचा पुरावा. पुढं त्याच जागी आणखी खणलं, आणखी हाडं निघाली. १९२७ साली म्युझियमच्याच ग्रेगरी नावाच्या शास्त्रज्ञानं छापून टाकलं की दात माणसाचा नाही, वानराचा नाही. पेकारी नावाचं डुकरासारखं जनावर असतं, त्याच्या नामशेष भाईबंदाचा आहे. माझ्या आज्याला दाखवला असता तर त्यानं आधी विचारलं असतं, बाकीचा जबडा कुठाय?

पण हे हसण्यावारी नेऊ नका. यात शास्त्राची अब्रू गेली नाही, उलट राहिली. चूक झाली, पुरावा आला, अध्यक्षाच्या घरातल्याच माणसानं पाच वर्षांत ती खोडली. हीच शास्त्राची रीत.

माणसाच्या उतरंडीबाबत ही रीत त्यानं पाळली नाही. माणूस वानराच्या जवळचा, हे त्याला सोसवेना. आपला पूर्वज वानरापासून फार फार आधीच वेगळा झाला, असा सिद्धांत त्यानं म्हातारपणी काढला. मानवाचं मूळ मध्य आशियाच्या पठारावर सापडेल, अशी त्याची खात्री. गोबीतली मोहीम खरं तर तेच शोधायला निघाली होती, सापडली डायनोसॉरची अंडी. इंग्लंडातली पिल्टडाऊनची कवटी त्यानं खरी मानली. १९५३ साली कळलं की कुणीतरी माणसाची कवटी आणि वानराचा जबडा रंगवून, कानशीनं घासून पुरला होता. तिकडं आफ्रिकेत टाऊंग इथं १९२४ सालीच खऱ्या पूर्वजाच्या पोराची कवटी निघाली होती. आपली आदिमाय काळ्या खंडात जन्मली. ते बघायला साहेबाचे डोळे तयार नव्हते.

*

हाडांपर्यंत ठीक होतं. म्युझियमनं जिवंत माणसंही ठेवली.

१८९७ साली पीरी या प्रवाशानं ग्रीनलँडहून सहा इन्युइट माणसं म्युझियमला आणून दिली. त्यांना तळघरात ठेवलं. बहुतेक लवकरच मेली. मिनिक नावाच्या लहान पोराचा बाप मेला तेव्हा म्युझियमच्या आवारात खोटी मूठमाती दिली. ओंडका गुंडाळून पुरला आणि हाडं आत ठेवून घेतली. हे ऑस्बॉर्नच्या अध्यक्षपदाआधीचं. आणि त्या खोट्या मूठमातीत फ्रान्झ बोआसही सामील होता, जो पुढं वंशवादाचा सर्वांत मोठा वैरी झाला. मिनिक मोठा होऊन बापाची हाडं मागत राहिला. ती १९९३ साली ग्रीनलँडला परत गेली. मिनिक १९१८ मध्येच मेला होता.

१९०६ साली ओटा बेंगा या काँगोच्या तरुणाला आधी काही दिवस याच म्युझियममध्ये आणि मग न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहालयात ठेवलं. माकडांच्या पिंजऱ्यात. बघायला हजारोंची गर्दी. प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या संस्थेच्या कर्त्या लोकांत ग्रँट आणि ऑस्बॉर्न. काळ्या पाद्र्यांनी आरडाओरडा केला तेव्हा त्याला सोडलं. २० मार्च १९१६ ला ओटा बेंगानं स्वतःच्या छातीत गोळी घालून घेतली.

१९१६ हे साल लक्षात ठेवा. मार्चमध्ये ओटा बेंगा मेला. त्याच साली ग्रँटचं पुस्तक ऑस्बॉर्नच्या प्रस्तावनेसह निघालं. आणि त्याच साली, ९ मे रोजी, त्याच न्यूयॉर्क शहरात, ज्या कोलंबिया विद्यापीठात ऑस्बॉर्ननं प्राणिशास्त्र शिकवलं त्याच विद्यापीठात, पंचवीस वर्षांचा एक महार विद्यार्थी उभा राहून निबंध वाचत होता. भीमराव रामजी आंबेडकर. विषय, भारतातील जाती. परिसंवाद गोल्डनवायझरचा, आणि गोल्डनवायझर बोआसचा शिष्य. म्युझियम तिथून दोनेक मैलांवर. दोघं भेटले असं मला म्हणायचं नाही. पण दोन विचार एकाच शहरात एकाच साली समोरासमोर उभे होते, हे खरं आहे.

आपल्याकडं तेव्हा रिस्लेसाहेबाचा बोलबाला. १९०१ च्या शिरगणतीचा हा प्रमुख. नाकाची रुंदी-लांबी मोजायची आणि नाक जितकं रुंद तितकी जात खालची, असं गणित. जात म्हणजे वंश, वंश म्हणजे रक्त. बाबासाहेबांनी हे गणितच नाकारलं. त्यांनी दाखवलं की जातीचं मर्म रक्तात नाही, जातीतल्या जातीत लग्न लावण्यात आहे. आधी एका वर्गानं दार लावून घेतलं, मग बाकीच्यांनी त्याचं बघून लावलं. आणि हे दार बंद राहावं म्हणून कुलूप कुणाच्या अंगावर? बाईच्या. सती, विधवेची कोंडी, बालविवाह. युरोपियन अभ्यासक स्वतःच रंगाच्या पूर्वग्रहात बुडालेले, म्हणून त्यांना जातीचं मूळही रंगातच दिसलं, हेही त्यांनी तिथंच, गोऱ्यांच्या पुढ्यात सुनावलं. ऑस्बॉर्नकडं आख्खं म्युझियम होतं. बाबासाहेबांकडं गायकवाड सरकारची शिष्यवृत्ती आणि पुस्तकं. बरोबर कोण निघालं? २०१३ साली भारतातल्या माणसांच्या जनुकांचा अभ्यास छापून आला. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत इथले जवळजवळ सगळे लोक एकमेकांत मिसळत होते. नंतर मिसळणं थांबलं. म्हणजे शुद्ध रक्ताचा कुणीच नाही, आणि दार मागाहून लावलं गेलं.

*

यात आपल्या सवर्णांचाही एक अध्याय आहे. भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख अमेरिकेचं नागरिकत्व मागायला कोर्टात गेला. नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्यांना. त्याच्या बाजूनं दावा असा की आम्ही उच्च जातीचे, आर्य रक्ताचे, म्हणून गोरे. अमेरिकन गोरा जसा निग्रोला बघतो तसा उच्च जातीचा हिंदू इथल्या मूळ रहिवाशाला बघतो. फेब्रुवारी १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, तुम्ही गोरे नाही. खालच्याला लाथ मारली की वरचा जवळ घेईल असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा निकाल फ्रेम करून भिंतीवर लावावा.

आणि इकडं मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्याला मज्जाव होता. का, तर धोट्यातला धागा तोंडानं ओढायचा असतो, ओठ लागतो, दुसऱ्याला विटाळ होतो. १९२८-२९ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांपुढं रोखठोक मांडला. न्यूयॉर्कचा रक्तशुद्धीवाला आणि गिरणगावचा ओठशुद्धीवाला, दोघांनी एकमेकांचं नाव ऐकलं नव्हतं. भाषा मात्र एक.

*

मग ऑस्बॉर्नचं करायचं काय? म्युझियम पाडायचं? मला तसं वाटत नाही. टायरॅनोसॉरस खरा आहे. तो खणून काढणाऱ्यांचा घाम खरा आहे. उत्क्रांतीचं ज्ञान आपल्याच कामाचं आहे, कारण ते सांगतं की ब्रह्मदेवाच्या मुखातून आणि पायातून कुणी निघालं नाही, सगळे एकाच आईची लेकरं. हाडं ठेवा. चिठ्ठ्या बदला.

उशिरा का होईना, तिकडं चिठ्ठ्या बदलायला लागल्यात. २०२० साली प्राणिसंग्रहालयाच्या संस्थेनं ओटा बेंगाबद्दल जाहीर माफी मागितली. म्युझियमच्या दारात रूझवेल्टचा पुतळा होता, साहेब घोड्यावर आणि एक आदिवासी, एक आफ्रिकन पायी बाजूला. तो २०२२ च्या जानेवारीत हलवला. २०२३ साली म्युझियमच्या इतिहासात पहिल्यांदा काळा माणूस अध्यक्ष झाला. त्यानं त्याच वर्षी जाहीर केलं की म्युझियमकडं सुमारे १२ हजार माणसांचे अवशेष आहेत आणि जे मांडून ठेवलेत ते काढून घेतले जातील. गुलामांची हाडं त्यात, आदिवासींची त्यात. डुकराचा दात खोडायला पाच वर्षं लागली. माणसावरची चिठ्ठी खोडायला शंभर.

आपल्याकडं तर म्युझियमची इमारतही लागत नाही. गाव हेच म्युझियम. कोणत्या आळीला काय मांडायचं ते ठरलेलं, आडनाव ही चिठ्ठी, दाखल्यावर ती चिकटवलेली, लग्नाच्या जाहिरातीत ती ठळक छापलेली. जनावरांच्या शास्त्रात पहिलं ठेवलेलं नाव बदलता येत नसेल, असू दे. माणसाला तो नियम लागू नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरच्या मैदानावर लाखो माणसांनी आपापली चिठ्ठी आपल्या हातानं फाडली. ज्यांनी ती लिहिली होती त्यांची परवानगी कुणी मागितली नाही.

तेव्हा पोरांना म्युझियमला घेऊन जा. सांगाडे दाखवा, मनसोक्त बघू द्या. आणि प्रत्येक काचेपुढं एक प्रश्न विचारायला शिकवा. ही चिठ्ठी लिहिली कुणी?